वाद्यपेटी आणि तिसरी पिन

वाद्याने वाजवणाऱ्याचाच जीव घेतला असे आपल्या पणजोबांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी ते हसण्यावारी नेले असते. पखवाजाची शाई उडाली किंवा पेटीचा भाता फाटला, तर फार तर भजन थांबेल. पण ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे हा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक रंगमंचावर मायक्रोफोनला हात लावताच कोसळला आणि गेला. ध्वनियंत्रणेला नीट अर्थिंग नव्हते.

आता नाटे गावात बसून स्वान्सीची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. तर गणपतीच्या दिवसांतला आपला मांडव डोळ्यांसमोर आणा. विजेचा तानपुरा, तालाचे पॅड, अ‍ॅम्प्लिफायर, सगळे एका बोर्डावर. जमीन ओली, हवा खारी, आणि बुवांच्या एका हाताशी पेटी तर दुसऱ्या हाताशी माईक!

विजेच्या वाद्यांचे कूळ जुने आहे. अमेरिकेत थॅडियस केहिल याने १८९७ साली एका वाद्याचे पेटंट घेतले. १९०६ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या त्याच्या यंत्राचे वजन सुमारे दोनशे टन सांगतात. वाद्य कसले, वीजघरच ते! १९६४ मध्ये रॉबर्ट मूग याने ट्रान्झिस्टर वापरून खणांचा सिंथेसायझर केला. एक खण सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला चढउतार देतो. आणि हे खण जुन्या टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे दोऱ्यांनी जोडायचे. असे मूगचे यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने तिथला स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर काम केले. त्या टेप पुढे कित्येक वर्षे विस्मरणात पडून होत्या, ही आपली नेहमीची रीत.

१९९० नंतरच्या दशकात जर्मनीच्या डोएफर कंपनीने लहान खणांची पद्धत आणली आणि हौशी लोक घरीच पेट्या बांधू लागले. या खणांना लागते बारा व्होल्ट वीज, मोटारीच्या बॅटरीएवढी. तिथे बोट लागले तरी सहसा काही होत नाही. माणूस फसतो तो इथेच. कारण पेटीच्या पाठीमागे, जिथे भिंतीतली वायर शिरते, तिथे २३० व्होल्ट असतात. त्या वायरीचे रबर कुजले आणि तार पेटीच्या पत्र्याला टेकली, की सबंध पत्राच जिवंत तार होतो.

यावर उपाय म्हणजे तिसरी पिन. आपल्या घरातला तीन पिनांचा प्लग हातात घेऊन पाहा. वरची पिन जाड आहे आणि लांबही आहे. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. पत्र्यावर आलेली वीज हिच्यावाटे जमिनीचा रस्ता धरते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. गंमत अशी, की १८३८ मध्ये म्युनिकच्या श्टाइनहाइलने दाखवले होते की तारायंत्राची परतीची तार म्हणून जमीनच चालते. आधी जमीन वाहक म्हणून कामाला लागली, रखवालदार म्हणून नंतर.

मधल्या काळातला एक नमुना अजून काही माळ्यांवर सापडेल. एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर नसे. लोखंडी सांगाडा विजेच्या एका तारेला सरळ जोडलेला असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सांगाडा जिवंत. लाकडी पेटी हेच काय ते संरक्षण. शाळेत असा रेडिओ मुलांना दाखवायचा असेल, तर गुरुजी, तो बंदच दाखवा.

ध्वनियंत्रणेत गुंईऽऽ असा आवाज येऊ लागला की काही कारागीर तिसरी पिनच काढून टाकतात. आवाज जातो हे खरे, पण रखवालदारही जातो. माझ्या मते हा शुद्ध अविचार आहे. सर्व उपकरणे चांगल्या अर्थिंगच्या एकाच बोर्डावर घ्यावीत. तरीही गुणगुण राहिली तर आवाजाच्या वायरीत लहानसा ट्रान्सफॉर्मर घालावा. ज्या अ‍ॅडॅप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला मात्र दुहेरी आवरण असते. त्याला तिसरी पिन नसली तरी चालते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती जांभ्याची. सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो आणि कोरडा जांभा वीज नीट घेत नाही. म्हणून खड्ड्यात नळाभोवती कोळसा आणि मीठ भरून वरून पाणी घालतात. पण मीठ नळालाही खाते, त्यामुळे दोन-चार वर्षांनी जोड उघडून पाहावा लागतो. जमल्यास खड्डा ओलसर जागी, न्हाणीच्या पाण्याजवळ घ्यावा.

अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी, हातात धरलेली तार माणसाला किती प्रवाहापर्यंत सोडता येते, याचे प्रयोग केले. पुरुषांच्या बाबतीत सरासरी निघाली सोळा मिलिअँपिअर! १९६१ साली त्यांनी गळणारी वीज ओळखून ती क्षणात तोडणारे यंत्र योजले. आपल्याकडे त्याच जातीचा तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर मिळतो. मांडवाच्या बोर्डावर तो बसवून घ्या आणि आरतीपूर्वी त्यावरचे चाचणीचे बटण दाबून पाहा. खटका पडला तर ब्रेकर ठीक आहे. मात्र अर्थिंगची तपासणी वायरमनकडून वेगळी करून घ्यावी, कारण ते बटण अर्थिंगविषयी काहीच सांगत नाही.