काळी वायर म्हणजे न्यूट्रल? कुठल्या देशात, कुठल्या साली?

एमआयडीसीतल्या अपघाताची बातमी साधारण चार ओळींची असते. 'पॅनेलचे काम करताना विजेचा धक्का लागून कामगार दगावला.' कुठली वायर होती, तिला हात का लावला, हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आज जरा पॅनेलचं दार उघडून बोलू.

आपला वायरमन शिकतो तो असा : लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. आर-वाय-बी झोपेतही पाठ. ही पद्धत इंग्रजांची. त्यांच्याकडे आधी फेजचे रंग लाल-पांढरा-निळा होते, म्हणजे त्यांच्या झेंड्याचेच. पांढऱ्याच्या जागी पिवळा नंतर आला.

त्याच काळात जर्मनीत लाल वायर कशाची होती माहितेय? अर्थिंगची! म्हणजे जर्मन उपकरण ब्रिटनमध्ये गेलं आणि तिथल्या माणसाने सवयीने लाल वायर फेजच्या पिनला जोडली, की उपकरणाच्या पत्र्यातच करंट. हा घोळ मिटवायला १९६० च्या दशकाच्या शेवटी युरोपात कॉर्डचे रंग एक झाले. तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा पट्टा अर्थिंगला. पट्टा अशासाठी की रंगांधळ्या माणसालाही ओळखता यावा.

पण हे फक्त कॉर्डपुरतं. भिंतीतल्या वायरिंगचे जुने रंग ब्रिटनने २००४ पर्यंत ओढले. ३१ मार्च २००४ पासून नवे रंग चालू झाले, १ एप्रिल २००६ पासून सक्तीचे. तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. नीट बघा, काल न्यूट्रल असलेला काळा आज फेज झाला आणि फेज असलेला निळा न्यूट्रल. त्यांनाही भीती वाटली असणारच. जिथे जुनं-नवं वायरिंग एकत्र आहे तिथे बोर्डावर धोक्याची सूचना लावायचा नियमच त्यांनी केला. आपण मात्र ज्यांच्याकडून रंग घेतले त्यांनी ते सोडले तरी आर-वाय-बीवरच आहोत. त्यात वाईट काही नाही. अडचण पुढे आहे.

मशिनच्या कंट्रोल पॅनेलचा हिशोबच वेगळा. आयईसी ६०२०४-१ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक, अमेरिकेचं एनएफपीए ७९ बरंचसं तसंच. तिथे रंग फेज सांगत नाही, सर्किट कुठल्या प्रकारचं ते सांगतो. पॉवरच्या सगळ्या वायरी काळ्या. एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळा. न्यूट्रल युरोपात फिकट निळा, अमेरिकेत पांढरा. कुठली वायर कुठली, ते टोकावरच्या फेरूलच्या नंबरवरून बघायचं. आणि नारिंगी? मेन स्विच बंद केल्यावरही जिच्यात करंट राहू शकतो ती वायर. पॅनेलमधल्या दिव्याची असेल, नाहीतर शेजारच्या मशिनकडून येणाऱ्या सिग्नलची. 'मेन पाडलाय, घाल हात' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता आपली शेड घ्या. एका भिंतीला इथेच बांधलेलं आर-वाय-बीचं पॅनेल, समोर सेकंडहँड आणलेलं परदेशी मशिन. तिथे काळी वायर बघून 'न्यूट्रल आहे' म्हणणारा माणूस थेट पॉवरला हात लावतो. उलटंही होतं. परदेशी मशिनवर निळी म्हणजे २४ व्होल्ट डीसी अशी सवय लागलेला पोरगा इकडच्या पॅनेलला येतो, आणि इथली निळी तर बी फेज. दुसऱ्या फेजशी ४१५ व्होल्ट.

त्यात दुरुस्तीची तऱ्हा. रात्री मशिन बंद पडतं, वायर जळालेली असते आणि गावातल्या दुकानात ज्या रंगाचं बंडल शिल्लक तेच बसतं. फेरूल कोण घालतो? तीन वर्षांनी दुसऱ्याच ठेकेदाराचा माणूस ते दार उघडतो. त्याच्या हातात ड्रॉइंग नसतं. असलं तरी जर्मन भाषेतलं.

ब्रिटनने लावली तसली सूचना, म्हणजे 'या पॅनेलमध्ये काळी वायर पॉवरची आहे, नारिंगी मेन बंद असतानाही चालू आहे' एवढं मराठीत आणि हिंदीत छापायला फार तर शंभर-दीडशे रुपये लागतील. आपल्या एमआयडीसीत कुणी पॅनेलच्या दारावर असं लावलं असेल तर मला फोटो पाठवा, कारखान्याच्या नावासह छापतो.