दफनभूमीतील सभा : व्हॅसर, १९०८

स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठीच १८६१ साली स्थापन झालेल्या, न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर महाविद्यालयात स्त्रियांच्या मताधिकारावर सभा घेण्यास मज्जाव असावा, हे चमत्कारिक खरे. अध्यक्ष जेम्स मन्रो टेलर स्त्रीशिक्षणाचे विरोधक नव्हेत. महाविद्यालयाने विद्या द्यावी, चळवळींत पडू नये, असे त्यांचे मत होते. ते प्रामाणिकही असेल. परंतु विद्यार्थिनींनी कोणाचे ऐकावे, याचा निर्णय त्यामुळे त्यांच्या हाती उरत नव्हता.

बंदी आवारापुरती होती. तेव्हा १९०८ च्या जूनमध्ये आयनेझ मिलहॉलंड या विद्यार्थिनीने आवारालगतच्या दफनभूमीत सुमारे ४० जणींची सभा भरविली. वक्त्यांमध्ये शार्लट पर्किन्स गिल्मन आणि वकील हेलन हॉय होत्या. हॅरिएट स्टँटन ब्लॅच तर १८७८ सालच्या व्हॅसरच्याच पदवीधर, म्हणजे स्वतःच्या महाविद्यालयाबाहेर उभ्या राहून बोलणाऱ्या! मला मात्र रोझ श्नायडरमन यांची उपस्थिती अधिक महत्त्वाची वाटते. टोप्या शिवणाऱ्या कामगारांत संघटना बांधणारी ही स्त्री सुखवस्तू घरांतील मुलींपुढे व्याख्याती म्हणून आली. व्याख्यानगृहात असा योग क्वचितच आला असता.

टेलर १९१४ साली निवृत्त झाले. मताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० साली संमत झाली. मिलहॉलंड त्यापूर्वीच, १९१६ मध्ये, निवर्तल्या होत्या.