काव्यसंज्ञांचे वतन

पुणे-सोलापूर हमरस्ता आणि दौंडहून बारामतीस जाणारी वाट जेथे एकमेकींस छेदतात, तेथे फिरंगाई देवीच्या देवालयामुळे पंचक्रोशीत विख्यात झालेले कुरकुंभ वसलेले आहे. तेथील विद्यार्थ्याला इंग्रजीच्या तासाला 'सिमिली', 'मेटॅफर', 'अ‍ॅलिटरेशन' या संज्ञा परमुलखातून आलेल्या पाहुण्यांसारख्या अनोळखी वाटाव्यात, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या उपमा-रूपक-अनुप्रासांची ती केवळ परदेशी नावे आहेत, ते अलंकार त्याच्या गावावरून जाणाऱ्या त्या वाटेच्या दक्षिण टोकाला अठराव्या शतकातच वैभवाने नांदत होते.

पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावलेले मोरोपंत १७९४ पर्यंत तेथे पुराण सांगत आणि काव्य रचीत राहिले. आर्या वृत्तात महाभारत, पृथ्वी वृत्तात 'केकावली' आणि परंपरेने एकशेआठ मोजलेली रामायणे, असा त्यांचा व्याप आहे. त्यांपैकी निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्णांना साफ मज्जाव. म्हणजे रामकथा सांगावयाची आणि 'म'कारामुळे खुद्द 'राम' हे नाव मात्र एकदाही घ्यावयाचे नाही! पंतांना केवळ शब्दांचे कसरतपटू म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांची यमके पुराणश्रवणाला बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या श्रोत्याच्याही कानात घर करीत.

पुढे १८१८ मध्ये पेशव्यांचा अंमल संपला, सरकारी शाळा निघाल्या, आणि जे कानाने कळत होते ते पुस्तकाने शिकविण्याचा शिरस्ता पडला. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली 'नवनीत' हे प्राचीन मराठी काव्याचे वेचे सिद्ध केले, १८६० साली 'वृत्तदर्पण' रचले, आणि पंतांची आर्या कीर्तनाच्या फडातून परीक्षेच्या कागदावर आली. 'अलंकार ओळखा' या प्रश्नाची वंशावळ तेथपर्यंत पोहोचते.

खरी अडचण पडली ती इंग्रजी वाङ्मयातील नव्या प्रकारांना नाव देताना, आणि तेथे आपल्या पूर्वजांनी जी धिटाई दाखविली ती मला अतिशय मोलाची वाटते. बाणभट्टाच्या एका गद्यकथेचे विशेषनाम उचलून त्यांनी ते 'नॉव्हेल' या साऱ्या जातीला दिले, आणि 'कादंबरी' हा शब्द इतका रुळला की त्याचे मूळ विसरले गेले. धर्मशास्त्राच्या संग्रहग्रंथांना लागणारा 'निबंध' हा शब्द १८७४ साली निघालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने स्वतंत्र विचाराच्या गद्याला कायमचा बहाल केला. केशवसुतांनी 'सॉनेट'ला 'चतुर्दशक' म्हटले, पण मागाहून आलेले 'सुनीत' टिकले. 'शोकपर्यवसायी नाटक' हे लांबलचक नाव आखडून 'शोकांतिका' झाले. संस्कृत अलंकारशास्त्रात स्वतंत्र नाव नसलेल्या 'पर्सॉनिफिकेशन'साठी 'चेतनगुणोक्ती' घडविली गेली. ती उच्चारायला जड खरी, पण अचेतनावर चेतनाचे गुण लादणे हा सारा अर्थ ती स्वतःच सांगते, आणि असे इंग्रजी शब्द ऐकणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत घडत नाही.

म्हणून कुरकुंभच्या, किंबहुना कोणत्याही गावच्या, इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की 'मेटॅफर'ची व्याख्या लिहून देण्यापूर्वी मोरोपंतांची एक आर्या फळ्यावर लिहावी आणि तीतील रूपक मुलांनाच शोधू द्यावे.