साडेअकरा पौंडांचा हिशेब

नंदेसरी स्थानकावर उभे राहिले की एका हाताला बडोद्याकडे जाणारा लोहमार्ग दिसतो आणि दुसऱ्या हाताला महीच्या पुलाकडे जाणारा. मधल्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. येथे नोकरीधंद्यानिमित्त स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुले आता पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला किंवा जर्मनीला जातात. मुलाला प्रवेश मिळाल्याचे पेढे घरोघर पोहोचतात. बँकेकडे घर तारण ठेवल्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. अशाच एका पेढ्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाला आपल्याच संस्थानाच्या दप्तरातील एका जुन्या व्यवहाराची आठवण झाली.

हा व्यवहार १९१३ सालचा आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झालेले भीमराव आंबेडकर त्या वर्षाच्या आरंभी बडोदा संस्थानाच्या नोकरीत दाखल झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली म्हणून ते मुंबईस निघाले. २ फेब्रुवारी रोजी सुभेदार रामजी निवर्तले. घरचा कर्ता गेला, तेव्हा परदेशी शिक्षणाचा विचार मनात आणणेही धाडसाचे होते. सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. ४ जून रोजी करारनाम्यावर सही झाली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावयाची, अशी त्यातील अट होती. आपण आदराने हिला शिष्यवृत्ती म्हणतो आणि ते योग्यही आहे. परंतु तिला दहा वर्षांचे आयुष्य तारण होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या काळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे महिन्याला एकशे साडेबहात्तर रुपये. आपल्याकडे त्या काळी ही रक्कम भरघोस वाटली असती. न्यूयॉर्कमध्ये तिचे जेमतेम छपन्न डॉलर होत. चरित्रकार धनंजय कीर यांनी या विद्यार्थ्याचा रोजचा आहार नोंदवला आहे. एक पेला कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा किंवा मासळीचा एक पदार्थ, इतकाच. त्याला सुमारे एक डॉलर दहा सेंट पडत. महिन्याचे झाले तेहतीस डॉलर. उरलेल्या तेवीस डॉलरांत खोलीभाडे, कपडालत्ता, घरी पाठवावयाची रक्कम आणि पुस्तके हे सारे बसवावयाचे. या विद्यार्थ्याने जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली! पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये याचा निर्णय जेवणाच्या ताटावर झाला होता, हे यावरून कळते.

शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मिळाली आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु १९१७ साली ती संपताच अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुस्तकांचा मोठा भाग दुसऱ्या बोटीने येत होता, ती बोट महायुद्धात बुडाली. सामानाच्या नुकसानभरपाईदाखल टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. त्यातला काही भाग घरखर्चासाठी रमाबाईंच्या हाती गेला आणि काही बडोद्याच्या प्रवासाला लागला. करार पाळण्यासाठी बडोद्यास येण्याचे भाडे बुडालेल्या पुस्तकांच्या किमतीतून निघाले.

पुढचा भाग आपण बडोदेकर हलक्या आवाजात सांगतो. कोलंबियाची पदवी घेऊन आलेल्या, संस्थानाच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करणाऱ्या या अधिकाऱ्याला शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. दोन परिचितांनी, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, सबबी सांगितल्या. अखेर कमाटीबागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. त्या काळी याच शहरात आपल्या वाडवडिलांचे वाडे होते. एकाही वाड्याचे दार उघडले नाही. महाराजांच्या खजिन्याने सातासमुद्रापलीकडे खोलीभाडे पुरवले आणि राजधानीत मात्र दीड-दोन रुपये रोजाची खोली टिकली नाही. दहा वर्षांची अट कोणत्या बाजूने मोडली, याचा विचार आपल्या घराण्यांनी करावयास हवा होता. आम्ही शाळेत असताना हा प्रसंग कोणी सांगितल्याचे स्मरत नाही.

दुसऱ्या खेपेस राजाश्रय नव्हता. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ पासून साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनी शिल्लक टाकली. शाहू महाराजांची मदत झाली, आणि न्यूयॉर्कचे सोबती नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन १९२० च्या जुलैत ते लंडनला निघाले. वेळ मोठी विचित्र होती. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंग आठ पेन्सांच्या वर चढला होता. १९२१ मध्ये तो घसरून एक शिलिंग चार पेन्सांच्या आसपास आला. ज्याची पुंजी रुपयांत होती आणि खर्च पौंडांत, त्याची पुंजी बसल्या जागी निम्मी झाली. आज नंदेसरीतील बापही रोज सकाळी डॉलरचा भाव पाहतो, तो याच धास्तीने. घरमालकिणीच्या तुटपुंज्या न्याहारीवर दिवस काढून, रात्री भूक लागली की भाजलेले पापड आणि बोव्हरिलचा पेला घेऊन जो प्रबंध लिहिला गेला, त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता.

असे कर्ज काढणारे ते एकटे नव्हते. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर, आणि तेही सासरे महर्षी कर्वे यांच्या मनाविरुद्ध. हेच जीवराजभाई पुढे बडोद्याचे दिवाण आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. स्त्रीशिक्षणाच्या प्रवर्तकाच्या घरीही परदेशचा खर्च हा वादाचा विषय होता, एवढे येथे पुरे.

परदेशी शिकणाऱ्याच्या हिशेबात एक खाते नेहमी कोरे राहते. मुंबईत मागे राहिलेल्या रमाबाईंनी दीर-जावेच्या संसारात टंचाईचे दिवस काढले. कष्ट केले, मुलांचे मृत्यू सोसले. या खर्चाची नोंद संस्थानाच्या दप्तरात होणे शक्यच नव्हते.

ती नोंद बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांत केली. १९२३ चा रुपयावरील प्रबंध त्यांनी दिवंगत आईवडिलांना अर्पण केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये आला, तो सयाजीराव महाराजांना, शिक्षणाच्या कामी केलेल्या साह्याबद्दल कृतज्ञतेने. बडोद्याने ज्याला छप्पर दिले नव्हते, त्याच्याकडून. आणि १९४० साली, रमाबाई जाऊन पाच वर्षे झाल्यावर, पाकिस्तानविषयक ग्रंथाच्या पहिल्या पानावर 'रामू' हे नाव आले. विपत्तीच्या आणि विवंचनेच्या त्या दिवसांत तिने दाखवलेल्या शांत धैर्याबद्दल.