भूत येतं ते कुणाच्या नावावरच्या घरात? : आयर्लंडचा ले फान्यू आणि आपला सातबारा

बोईसरहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात. डहाणू लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर बॅग पुढे घ्या आणि कुठेतरी टेका, कारण आजचा भाग भुतांचा आहे. पण एक आधीच सांगून ठेवतो, भुतांइतकंच आज जमिनीच्या कागदांबद्दल बोलणार आहे.

तुम्ही मला भुताच्या गोष्टी पाठवता ना, एमआयडीसीतली बंद पडलेली कंपनी, चिकूच्या वाडीतलं जुनं घर, खाडीकडचा बंगला, त्या सगळ्या मी ऐकतो. आणि दर वेळी उलट मेसेज करून एकच विचारतो, "ते घर कुणाचं होतं रे?" मग खरी गोष्ट बाहेर येते. भावाभावांत वाद होता. केस चालू होती. मूळ मालक वेगळाच होता म्हणे. गंमत म्हणजे, जगातल्या भयकथेची सुरुवातच इथून झाली आहे.

या प्रकाराला इंग्रजीत 'गॉथिक' म्हणतात. पडका किल्ला, कुलूपबंद खोली, भिंतीवरचं जुनं चित्र आणि घराण्यातल्या कुणीतरी पूर्वी केलेलं पाप, एवढं जमलं की झाली गॉथिक कादंबरी. पहिलं पुस्तक मानतात ते होरेस वॉलपोलचं, 'द कॅसल ऑफ ओट्रांटो', साल १७६४. त्यातला राजा ज्या किल्ल्यात राहतो, तो त्याच्या आजोबाने खऱ्या मालकाला मारून बळकावलेला असतो. म्हणजे पहिल्याच गॉथिक कादंबरीत प्रॉपर्टीचा वाद!

पण हा प्रकार खरा रुजला तो आयर्लंडमध्ये. का, ते समजायला दोन आकडे पुरतात. १६४१ साली आयर्लंडमधली सुमारे ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, म्हणजे तिथल्या बहुसंख्य लोकांच्या धर्माच्या मालकांकडे. लढाया झाल्या, इंग्लंडने जमिनी जप्त केल्या, आपल्या लोकांना वाटल्या. १७०३ साली तो आकडा सुमारे १४ टक्क्यांवर आला. फक्त साठ-बासष्ट वर्षांत! ज्यांची जमीन गेली ते कुठे गेले नाहीत. तिथेच राहिले, कूळ म्हणून. आणि टेकडीवरच्या मोठ्या घरात नवा मालक राहायला लागला. आता विचार करा, त्या मोठ्या घरात रात्री खिडकी वाजली तर मालकाच्या मनात पहिलं काय येत असेल?

आपला आजचा लेखक या मालक वर्गातला. जोसेफ शेरिडन ले फान्यू. जन्म डब्लिनला, १८१४ साली. वडील प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाद्री. पुढे त्यांची नेमणूक लिमरिक भागातल्या ॲबिंग्टन गावी झाली. त्या काळी कॅथलिक शेतकऱ्यालासुद्धा प्रोटेस्टंट चर्चला दशांश द्यावा लागायचा, म्हणजे पिकातला वाटा, आणि तोही ज्या चर्चमध्ये तो कधी पाऊल टाकत नाही त्या चर्चला. १८३१ च्या सुमारास लोकांनी हा दशांश द्यायचं बंद केलं, मारामाऱ्या झाल्या, गोळीबार झाले. ले फान्यू तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. पाद्रीबाबांचं उत्पन्न आटलं आणि कालपर्यंत रामराम करणारे शेजारी तोंड फिरवायला लागले. मला वाटतं, याच्या सगळ्या गोष्टी त्या वयातल्या त्या नजरांमधून आल्या आहेत.

त्याची सगळ्यात गाजलेली कादंबरी 'अंकल सायलस', १८६४ ची. मॉड नावाची तरुण मुलगी, वडील वारतात, मृत्युपत्रात लिहिलेलं असतं की ती सज्ञान होईपर्यंत काका सायलस तिचा पालक. आणि सज्ञान होण्याआधी ती मेली, तर सगळी इस्टेट काकाला! पुढचं सांगत नाही, तुम्ही वाचा. पण एवढं सांगतो की पूर्ण पुस्तकात भूत एकही नाही. आहे ते एक मृत्युपत्र, आणि त्यातल्या एका अटीने चारशेच्या वर पानं घाम फुटतो.

यात एक मजेदार भानगड आहे. हीच गोष्ट ले फान्यूने १८३८ साली छोट्या रूपात लिहिली होती, तेव्हा ती घडत होती आयर्लंडमध्ये. नंतर लंडनच्या प्रकाशकाने अट घातली, कथा इंग्लंडमधली हवी आणि आजच्या काळातली हवी. मग लेखकाने तोच वाडा उचलून इंग्लंडमध्ये डर्बीशायरला नेऊन ठेवला. पाटी बदलली, भीती तीच राहिली.

आता 'कार्मिला'. १८७१-७२ मध्ये मासिकात क्रमशः आली, मग १८७२ च्या 'इन अ ग्लास डार्कली' या संग्रहात. ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधीची ही रक्तपिपासू मुलीची गोष्ट. लॉरा नावाची मुलगी वडिलांबरोबर ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात जुन्या किल्ल्यात राहते. वडील मूळचे इंग्रज, निवृत्त झालेले, आणि तो किल्ला त्यांनी स्वस्तात विकत घेतलेला! जवळच कार्नस्टाइन घराण्याचं उजाड गाव. घराणं संपलेलं. मग एक दिवस बग्गीच्या अपघातात एक सुंदर मुलगी त्यांच्या दारात येते, पाहुणी म्हणून राहते, लॉराची जिवलग मैत्रीण होते. घरात एक जुनं चित्र साफ करून आणतात, त्यावर साल १६९८, आणि चेहरा हुबेहूब या पाहुणीचा. ती निघते त्याच कार्नस्टाइन घराण्यातली. बघा हं, स्वस्तात घर घेतलं आणि जुने मालक परत आले!

ले फान्यू १८७३ मध्ये गेला. डब्लिनच्या ज्या वर्तमानपत्रात त्याची भागीदारी होती, त्यातच एक सरकारी कारकून फुकटात नाटकांची परीक्षणं लिहायचा. त्याचं नाव ब्रॅम स्टोकर. त्याची 'ड्रॅक्युला' आली १८९७ मध्ये, आणि त्याच्या सुरुवातीच्या टिपणांत गोष्ट स्टिरियातच घडणार होती, कार्मिलाच्या प्रांतात. ड्रॅक्युलाची सुरुवात आठवते? एक तरुण वकील काउंटकडे जातो, कारण काउंटला लंडनजवळ घर घ्यायचंय. कागदपत्रं, सह्या, मग रक्त. पुढे १९७५ मध्ये स्टीफन किंगने विचार केला की ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर? त्यातून 'सेलम्स लॉट' आली. आणि तीच गोष्ट आपल्या नारायण धारपांनी मराठी मातीत आणली ती 'लुचाई'. घरातल्या कपाटात पिवळ्या पानांची 'लुचाई' असेल, तर डब्लिनचा धागा तिथपर्यंत आलाय.

आता आपल्याकडे येतो. कारण आयर्लंडची गोष्ट ऐकताना मला सारखे डहाणू-तलासरी दिसत होते. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. इथेही वारल्यांची जमीन कर्जापायी सावकार-जमीनदारांकडे गेली आणि मूळचे लोक तिथेच राहिले, वेठबिगार म्हणून. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने मालकाकडे राबायचं, त्याला म्हणायचे 'लग्नगडी'. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले, बरोबर शामराव आणि गोदावरी परुळेकर. ठरलं, यापुढे वेठ नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड.

गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. ले फान्यूची पुस्तकं आणि हे पुस्तक मी एका पाठोपाठ वाचली, तेव्हा फरक लख्ख दिसला. ले फान्यू मोठ्या घराच्या आतून बाहेरच्या अंधाराकडे बघतो. त्याला तिथे भूत दिसतं. गोदावरीबाई त्या अंधारात उभ्या आहेत, आणि तिथे त्यांना माणसं दिसतात, नावं-गावं असलेली. घर तेच, जमीन तीच. खिडकीच्या कुठल्या बाजूला उभे आहात, त्यावर गोष्ट भुताची होते की हक्काची, ते ठरतं.

म्हणून ले फान्यूला टाकून द्यायचं का? मुळीच नाही. त्याने आपल्याच लोकांची अपराधाची भीती इतक्या प्रामाणिकपणे लिहिली की वाचणाऱ्याला मालकाच्या छातीतली धडधड ऐकू येते.

हा विषय आपल्यासाठी जुनाही झालेला नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली गेली, लोकांना दुसरीकडे वसवलं. आज बुलेट ट्रेन आहे, वाढवण बंदर आहे. आपल्या घराघरांत संध्याकाळी बोलणं निघतं ते जमिनीचंच. अशा गावांमधून उद्या भुताच्या गोष्टी निघणारच. त्या कुणाच्या तोंडून निघतात, तेवढं लक्षात ठेवूया.

तर गृहपाठ! सुरुवात 'कार्मिला'पासून करा. छोटी आहे, कॉपीराइट संपलाय, मोबाइलवर फुकट मिळते, विरार-डहाणू दोन-तीन फेऱ्यांत संपेल. मग 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचनालयातून आणा. आणि मला व्हॉइस नोट पाठवा, तुमच्या गावातली भुताची एक गोष्ट. फक्त या वेळी आजीला किंवा आजोबांना आधी विचारून घ्या, ते घर त्याच्याआधी कुणाचं होतं. निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकवीन. भेटू!