शिशाची गोळी आणि तांब्याचे कवच

१८७८ चा हिंदुस्थानचा शस्त्रकायदा वाचताना एका व्याख्येपाशी मी थबकलो. दारूगोळा कशाला म्हणावे हे सांगताना कायद्याने काडतुसांचे सुटे भाग त्यात धरले, ते बनवण्याची यंत्रेही धरली. पण शिसे, गंधक आणि सोरा हे तीन जिन्नस मात्र नावे घेऊन वगळले. सरकारला वाटेल तेव्हा त्यांच्यावरही निर्बंध आणता येतील, अशी सोय पुढच्याच व्याख्येत करून ठेवली. म्हणजे शिसे हा गुन्हा नव्हता. त्याची परवान्याशिवाय गोळी करणे हा गुन्हा होता.

वगळण्याचे कारण उघड आहे. शिसे कोळ्याच्या जाळ्याला लागते, सोरा आणि गंधक आतषबाजीला लागतात. बाजारातली वस्तू बंद कशी करणार? पण या व्याख्येमागे एक जुनी वस्तुस्थितीही दडलेली आहे. तोपर्यंत बंदुकीची गोळी ही घरी करायची गोष्ट होती. तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुकांची तोंडे एकसारखी नसत. त्यामुळे ज्याच्या त्याच्या बंदुकीचा साचा वेगळा. शिसे ३२७ अंशांनाच वितळते. चूल, पळी आणि साचा एवढ्यावर काम भागे. गोळी थोडी लहान झाली तरी चिंधीत गुंडाळून चाले. शिलेदार, शिकारी आणि रानडुकरांपासून भात राखणारा शेतकरी यांचा हा घरगुती उद्योग होता.

हा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या एका माणसाने सरकारविरुद्ध बंड केले. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाला. त्याच सुमारास, १८६९ मध्ये, खडकीला सरकारने दारूगोळ्याचा कारखाना सुरू केला होता. साम्राज्याची गोळी कारखान्यात तयार होऊ लागली होती आणि त्या लष्कराचा जमाखर्च लिहिणारा कारकून रामोशी, कोळी, धनगर यांना जमवत होता.

२३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूरजवळच्या धामारीवर पहिला मोठा दरोडा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या तुकडीने घाट उतरून पनवेलजवळचे पळस्पे आणि चिखली लुटले. परतताना मेजर डॅनियलच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले. जुलैत फडके पकडले गेले. पुण्यात खटला, मग एडनचा तुरुंग आणि तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मृत्यू.

या बंडाकडे तलवारी-भाले होते, बंदुका थोड्या. गोऱ्या पलटणींकडे मागून काडतूस भरायची मार्टिनी-हेन्री होती. तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या आधुनिक बंदुकीची गोळीही उघड्या शिशाचीच होती, वर नुसता कागद गुंडाळलेला. हत्यारांत मोठे अंतर होते. गोळीच्या धातूत नव्हते.

ते अंतर पुढच्या दहा वर्षांत पडले. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूर न करणारी दारू तयार केली. तिच्या जोराने गोळी इतक्या वेगाने निघे की मऊ शिसे नळीतल्या आट्यांना धरून राहीना. ते खरवडून नळीतच माखे. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन याने शिशावर तांब्याचे कवच चढवण्याचा उपाय याच दशकात काढला होता. १८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने लहान तोंडाची ली-मेटफर्ड घेतली तेव्हा तिची गोळी कवचाचीच होती. कलकत्त्याजवळच्या डमडमला पुढे या कवचाचे टोक उघडे ठेवलेली गोळी निघाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत तसल्या गोळ्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा झाला.

कवच म्हणजे पत्र्याची चकती दाबत दाबत केलेली इवलीशी नळकांडी. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हातोडीने हंडा घडवील. पण इथे केसाइतकाही फरक चालत नाही आणि तशा हजारो नगांना दाबयंत्रच लागते. चुलीवरची गोळी इथे संपली. कायद्याने जे अर्धेच साधले होते, ते तंत्राने पुरे केले.

याचा पुरावा मला पुढच्या पिढीत दिसतो. सावरकरांनी १९०९ मध्ये लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगच होते. त्या काळच्या क्रांतिकारकांनी बॉम्ब घरी करून पाहिले; पिस्तूल आणि काडतूस मात्र परदेशातून चोरून आणावे लागे. फडक्यांपासून कान्हेऱ्यांपर्यंत अवघी तीस वर्षे गेली, पण तेवढ्यात गोळी खेड्याच्या हातून निसटून समुद्रापार गेली होती.

गंमत अशी की कवचाची गोळी पुन्हा घरात आली ती अमेरिकेत, आणि छंद म्हणून. दुसऱ्या महायुद्धात तिथे शिकाऱ्यांना कवचे मिळेनात. १९४३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलचे फ्रेड हंटिंग्टन आणि आयडाहोतले व्हर्नन स्पीअर यांनी झाडलेल्या बावीस बोअरच्या काडतुसांची पितळी टोपणे कवचासाठी वापरली. हंटिंग्टनच्या आरसीबीएस या कंपनीचे नावच त्या साच्यावरून पडले. आजही तिथले हौशी लोक गॅरेजमध्ये हातयंत्रावर गोळ्या करतात.

आपल्याकडे हा छंद रुजणे शक्य नव्हते. १८७८ च्या व्यवस्थेत युरोपियनांना सूट होती. एतद्देशीयाला परवाना हवा. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने वर्णभेद काढून टाकला, पण परवान्यावाचून दारूगोळा बनवण्याची बंदी ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची कैद आहे. ही बंदी मला गैर वाटत नाही. घरोघरी गोळ्या ओतल्या जाव्यात अशी इच्छा कोण करील? पण मूळ कायदा कोणाच्या भीतीपोटी आला हे विसरू नये. ती भीती चोरांची नव्हती, प्रजेची होती.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. कवचाची गोळी त्यांना कधी लागलीच नाही. फडक्यांच्या काळातली बंदूक आज सरकारदरबारी नोंदली जाते ती रानडुकरे हाकण्यासाठी.