भारप्रशिक्षण सत्राचा कालावधी

भारप्रशिक्षण सत्राचा कालावधी म्हणजे डंबेल, बारबेल, यंत्रे अथवा स्वतःच्या शरीराचे वजन वापरून एका वेळी केलेल्या व्यायामासाठी लागणारा एकूण वेळ होय. त्यात अंग गरम करणे, प्रत्यक्ष व्यायाम आणि मधली विश्रांती यांचा समावेश होतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या सर्वसाधारण व्यक्तीचे सत्र बहुधा ४५ ते ७५ मिनिटांचे असते. मात्र सर्वांना लागू पडेल असा एकच कालावधी शास्त्रीयदृष्ट्या निश्चित करता येत नाही. व्यायामाचा परिणाम घड्याळातील मिनिटांपेक्षा उचललेले वजन, केलेल्या सेटची संख्या, विश्रांती आणि आठवड्यातील नियमितपणा यांवर अधिक अवलंबून असतो.

कालावधीचे घटक

एखाद्या व्यायामाची हालचाल एकदा पूर्ण करण्यास आवर्तन म्हणतात, तर न थांबता केलेल्या आवर्तनांच्या गटाला सेट म्हणतात. ८ ते १२ आवर्तनांचा एक सेट साधारणतः ३० ते ४० सेकंदांत पूर्ण होतो. त्यामुळे सत्रातील बराचसा वेळ वजन उचलण्यात नव्हे, तर दोन सेटमधील विश्रांतीत जातो.

उदाहरणार्थ, पाच व्यायामांचे प्रत्येकी तीन सेट, म्हणजे एकूण १५ सेट करायचे आहेत आणि प्रत्येक सेटला ४० सेकंद लागतात असे मानल्यास पुढीलप्रमाणे वेळ लागतो :

- प्रत्येक सेटनंतर १ मिनिट विश्रांती घेतल्यास : २५ मिनिटे
- २ मिनिटे विश्रांती घेतल्यास : ४० मिनिटे
- ३ मिनिटे विश्रांती घेतल्यास : ५५ मिनिटे

अंग गरम करण्याची १० मिनिटे धरल्यास याच व्यायामाचे सत्र ३५ ते ६५ मिनिटांचे होते. व्यायाम तेवढाच असूनही कालावधी जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. म्हणून केवळ वेळेवरून दोन व्यक्तींच्या व्यायामाची तुलना करणे योग्य ठरत नाही.

इतिहास

व्यायाम किती करावा, हा प्रश्न प्राचीन आहे. सुश्रुतसंहिता व अष्टांगहृदय या आयुर्वेदीय ग्रंथांत स्वतःच्या बळाच्या निम्म्याइतकाच व्यायाम करावा असे सांगितले आहे. ही मर्यादा काळाने नव्हे, तर शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांनी ओळखायची असते. महाराष्ट्रातील तालमींमध्येही जोर आणि बैठका यांची संख्या मोजण्याची रीत आहे.

आधुनिक भारप्रशिक्षणाचा पाया दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घातला गेला. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी शिकागो येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांचे दुर्बळ झालेले स्नायू बळकट करण्यासाठी वजनांचा वापर केला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मूळ पद्धतीत एका व्यायामाचे प्रत्येकी १० आवर्तनांचे ७ ते १० सेट असत. १९४८ मध्ये त्यांनी आर्थर वॉटकिन्स यांच्यासह ही संख्या तीन सेटवर आणली. रुग्णाला जास्तीत जास्त १० वेळा उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्याने पहिला, पाऊणपट वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा सेट केला जाई. व्यायाम कमी करूनही अपेक्षित परिणाम साधतो, हा अनुभव या बदलामागे होता. व्यायामशाळांमध्ये आजही रूढ असलेल्या तीन सेटच्या प्रथेचे मूळ बहुतांशी या पद्धतीत आढळते.

१९७० च्या दशकात नॉटिलस यंत्रांचे निर्माते आर्थर जोन्स यांनी शक्ती संपेपर्यंत केलेला प्रत्येक व्यायामाचा एकच सेट पुरेसा असल्याचे मत मांडले. याच काळात व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू मात्र दीर्घ सत्रे करीत असत. बल्गेरियाचे भारोत्तोलन प्रशिक्षक इव्हान अबाजिएव यांनी दिवसभराचा सराव अनेक छोट्या सत्रांत विभागण्याची पद्धत रूढ केली.

विश्रांतीचे महत्त्व

जड वजन उचलताना स्नायू क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून तत्काळ ऊर्जा मिळवतात. हा साठा सेटमध्ये झपाट्याने घटतो आणि विश्रांतीच्या काळात पुन्हा भरतो; तो बहुतांशी भरून येण्यास सुमारे ३ ते ५ मिनिटे लागतात. विश्रांती अपुरी असल्यास पुढील सेटमध्ये आवर्तने घटतात किंवा वजन कमी करावे लागते.

ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सराव असलेल्या तरुण पुरुषांच्या दोन गटांनी आठ आठवडे सारखाच व्यायाम केला. एका गटाने सेटमध्ये १ मिनिट, तर दुसऱ्याने ३ मिनिटे विश्रांती घेतली. अधिक विश्रांती घेणाऱ्या गटाची ताकद अधिक वाढली, तसेच मांडीच्या पुढील स्नायूंची जाडीही अधिक वाढली. त्यामुळे सत्र लवकर संपवण्यासाठी जड व्यायामांमधील विश्रांती कमी करणे लाभदायक ठरतेच असे नाही.

४५ मिनिटांच्या मर्यादेचा समज

व्यायाम ४५ मिनिटांहून किंवा तासाहून अधिक चालल्यास टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घटते, कॉर्टिसॉल वाढते आणि स्नायू झिजू लागतात, असा समज व्यायामशाळांमध्ये प्रचलित आहे. व्यायामाच्या वेळी संप्रेरकांची पातळी बदलते हे खरे आहे. परंतु हे बदल अल्पकालीन असतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील डॅनियल वेस्ट आणि स्टुअर्ट फिलिप्स यांच्या २०१२ मधील अभ्यासात ५६ तरुणांनी १२ आठवडे भारप्रशिक्षण घेतले. व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉनमध्ये होणारी तात्पुरती वाढ आणि स्नायू किंवा ताकद यांत झालेली वाढ यांचा संबंध त्यात आढळला नाही. विशिष्ट मिनिटानंतर व्यायाम निष्फळ किंवा हानिकारक होतो, या म्हणण्याला त्यामुळे आधार मिळत नाही. दीर्घ सत्रात थकव्यामुळे हालचालीची शुद्धता आणि एकाग्रता कमी होते, हे मात्र सत्र मर्यादित ठेवण्याचे सबळ कारण आहे.

किमान पुरेसा व्यायाम

शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासात सराव असलेल्या पुरुषांनी आठवड्यातून तीन दिवस प्रत्येक व्यायामाचा एक, तीन किंवा पाच सेट केले. एक सेट करणाऱ्यांचे सत्र सुमारे १३ मिनिटांत संपत असे, तर पाच सेट करणाऱ्यांना एक तासाहून अधिक वेळ लागे. आठ आठवड्यांनंतर तिन्ही गटांच्या ताकदीतील वाढ जवळजवळ सारखी होती. स्नायूंचे आकारमान मात्र अधिक सेट करणाऱ्यांमध्ये अधिक वाढले. ताकद हे उद्दिष्ट असल्यास छोटे सत्रही उपयुक्त ठरू शकते, तर स्नायूंच्या वाढीसाठी अधिक वेळ द्यावा लागतो, असे यावरून दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तींनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूगटांचे बळकटीकरणाचे व्यायाम करावेत. चालणे, धावणे यांसारख्या व्यायामांसाठी संघटनेने आठवड्याला मध्यम तीव्रतेची १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत. स्नायूंच्या व्यायामासाठी मात्र मिनिटांचे बंधन घातलेले नाही. ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही दोन दिवसांची ही शिफारस लागू आहे.

वेळ वाचवण्याच्या पद्धती

- संयुक्त व्यायाम : स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग यांसारख्या व्यायामांत अनेक सांधे व स्नायू एकत्र काम करतात.
- जोड सेट : छाती आणि पाठ अशा परस्परविरोधी स्नायूंचे व्यायाम आलटूनपालटून केल्यास एका स्नायूला विश्रांती मिळत असताना दुसरा काम करतो.
- ड्रॉप सेट : थकल्यावर वजन कमी करून फारशी विश्रांती न घेता आवर्तने चालू ठेवली जातात. जड संयुक्त व्यायामांपेक्षा यंत्रांवरील व्यायामांसाठी ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते.
- सत्रांची विभागणी : एका मोठ्या सत्राऐवजी आठवड्यात छोटी सत्रे घेतल्यास एकूण व्यायाम तेवढाच राहतो.

अतिव्यायामाचे धोके

नवख्या व्यक्तीने किंवा दीर्घ खंडानंतर परतलेल्या व्यक्तीने पहिल्याच दिवशी अनुभवी सोबत्याइतके सेट केल्यास तीव्र स्नायुदुखी उद्भवू शकते. क्वचित प्रसंगी स्नायुपेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात मिसळते आणि मूत्रपिंडांना इजा होते. या विकारास ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. असह्य वेदना, सूज, अशक्तपणा आणि चहासारखी गडद लघवी ही त्याची लक्षणे असून अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. उष्ण हवामान आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे धोका वाढतो. त्यामुळे नवख्या व्यक्तींनी प्रत्येक व्यायामाच्या एक-दोन सेटपासून सुरुवात करून वजन व सेट काही आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवणे इष्ट असते. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्या व्यक्तींनी व्यायाम सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे.

हेही पहा

- व्यायाम
- भारोत्तोलन
- शरीरसौष्ठव
- तालीम